ऑपरेशन खांद्याचं, सुई मानेत

खांद्याचं ऑपरेशन ठरलं की भूलतज्ज्ञ आधी येऊन भेटतात आणि सांगतात, "मानेच्या बाजूला एक इंजेक्शन देऊ, त्याने खांदा आणि हात बधिर होईल." ऐकणाऱ्याचा हात आपसूक मानेकडे जातो. दुखतंय खांद्यात, टाके पडणार खांद्यावर, मग सुई मानेत कशाला? मनगट मोडलेल्याला हीच सुई काखेत किंवा कॉलर बोनच्या वर टोचतात. घोट्यात प्लेट बसवायची असेल तर गुडघ्याच्या मागच्या खळगीत.

कारण साधं आहे. दुखण्याचा संदेश मेंदूकडे ज्या वाटेने जातो, ती वाट, म्हणजे नर्व्ह (मज्जातंतू), औषधाने मध्येच अडवायची असते. यालाच नर्व्ह ब्लॉक म्हणतात. आणि खांद्याची वाट मानेतून जाते. ती नेमकी कुठे अडवायची हाच नर्व्ह ब्लॉकमधला मुख्य प्रश्न. थोडं वर अडवली तर जास्त भाग बधिर होतो, पण नको असलेल्या नर्व्हही त्यात सापडतात. थोडं खाली अडवली तर ताकद शाबूत राहते, पण एखादा कोपरा दुखत राहतो. ब्लॉकचे बहुतेक फायदे, तोटे आणि धोके या निवडीतून निघतात.

भुलीचे ढोबळ प्रकार बहुतेकांना माहीत असतात. पूर्ण भुलीत माणूस गाढ झोपतो, घशात नळी असते आणि बऱ्याचदा श्वासही मशीन देतं. कमरेतून दिलेल्या भुलीत मणक्यांच्या मधून सुई आत जाते, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात औषध सोडतात आणि कमरेखालचे दोन्ही पाय बधिर होतात. टाके घालताना जखमेच्या कडेला टोचतात ती जागेपुरती भूल. नर्व्ह ब्लॉकमध्ये एक हात, एक पाय किंवा त्याचाही ठरावीक भागच बधिर होतो, बाकीचं शरीर जसंच्या तसं राहतं. ब्लडप्रेशर फारसं ढळत नाही, लघवी सहसा अडत नाही, दुसरा पाय आपला आपण हलवता येतो. हृदय कमजोर असलेल्या वयस्क माणसाच्या मनगटात प्लेट घालायची असेल तर हा फरक थोडाथोडका नाही.

मात्र ब्लॉक म्हणजे जागेपणी ऑपरेशन, ही समजूत अर्धवट आहे. हाताच्या ऑपरेशनात नुसत्या ब्लॉकवर काम भागतं. खांद्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात बऱ्याचदा ब्लॉकही देतात आणि पूर्ण भूलही. गुडघा बदलताना कमरेतून भूल आणि जोडीला मांडीत ब्लॉक. पेशंट विचारतो, "झोपवणारच आहात तर ही जादा सुई कशाला?" उत्तर असं की झोप ऑपरेशनपुरती आहे आणि ब्लॉक त्यानंतरच्या तासांसाठी. मला विचाराल तर ब्लॉकची खरी कमाई ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्रीची आहे.

हाडाचं दुखणं वेगळंच असतं. हाडावर एक पातळ आवरण असतं आणि त्यात दुखण्याचे तंतू दाटीवाटीने भरलेले असतात. ते कापून, खरवडून, त्यात ड्रिलने स्क्रू बसवल्यावर जे ठणकतं त्याला साध्या गोळ्या पुरत नाहीत. मग मॉर्फिनच्या जातीची औषधं द्यावी लागतात, आणि त्यांच्यासोबत मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठता येते; डोस वाढला तर श्वासही मंदावतो. शिवाय हाडांच्या ऑपरेशननंतर नुसतं पडून राहून चालत नाही. गुडघा बदललेल्या माणसाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. कळा येत असतील तर तो पाय वाकवणार कसा? ब्लॉक असला की मॉर्फिन कमी लागतं आणि पेशंट फिजिओथेरपिस्टच्या समोर कण्हत बसत नाही.

औषध नेमकं काय करतं

नर्व्ह म्हणजे हजारो बारीक तंतूंची जुडी. प्रत्येक तंतूच्या आवरणात सोडियम आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. एका जागी दार उघडून सोडियम आत शिरलं की तिथला विद्युतभार पालटतो, त्यामुळे शेजारचं दार उघडतं, मग त्याच्या पुढचं, आणि असा संदेश पुढे सरकत जातो. लिग्नोकेन, बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन ही औषधं तंतूचं आवरण ओलांडून आत जातात आणि आतल्या बाजूने या दारात अडकून बसतात. दार बंद, संदेश तिथेच थांबला. औषध हळूहळू रक्तात वाहून गेलं की दारं पुन्हा मोकळी होतात. नर्व्ह मरत नाही, तुटत नाही, काही तास गप्प बसते.

यातली एक गंमत डॉक्टरांना रोज भेटते. पू झालेल्या बोटाला तिथल्या तिथे भूल टोचली तर ती नीट लागत नाही. सुजलेला, पू भरलेला भाग आम्लधर्मी असतो. तिथे औषधाचे बहुतेक कण अशा रूपात जातात की त्यांना तंतूचं आवरण ओलांडताच येत नाही. म्हणून सुई त्या जागेपासून लांब, मनगटाशी किंवा त्याहून वर, निरोगी भागात टोचून तीच नर्व्ह अडवतात. सुई लांब टोचण्याचं हे आणखी एक कारण.

सगळे तंतू एकदम गप्प होत नाहीत. रक्तवाहिन्या आवळून धरणारे आणि दुखणं व तापमान कळवणारे तंतू बारीक असतात, ते आधी जातात. जाड तंतू स्पर्श, दाब आणि स्नायूंच्या हालचालीचे, ते उशिरा. त्यामुळे इंजेक्शननंतर काही मिनिटांत हात आधी उबदार वाटतो, कारण रक्तवाहिन्या सैलावतात. मग मुंग्या येतात. भूलतज्ज्ञ स्पिरिटचा गार बोळा आधी दुसऱ्या हाताला लावतात, मग या हाताला, आणि विचारतात, "दोन्हीकडे सारखंच गार लागतंय का?" पेशंट म्हणतो, "इकडे ओलं कळतंय, गार नाही." हे उत्तर मिळालं की काम मार्गी लागलं. सगळ्यात शेवटी हात जड होतो आणि उचलायला गेलं तर उचलत नाही.

स्पर्श आणि दाब शेवटपर्यंत थोडा शिल्लक राहू शकतो, आणि इथेच पुष्कळ जण घाबरतात. "मला कळतंय, ते हात ओढतायत!" कळतंय हे खरं, पण दुखतंय का, हा प्रश्न विचारायचा. ओढणं, दाबणं, ड्रिलची थरथर जाणवली म्हणजे ब्लॉक फसला असं नाही. टोचल्यासारखं, कापल्यासारखं काही वाटलं तर मात्र गप्प राहायचं नाही, लगेच सांगायचं. जागं असण्याचा हाच तर फायदा.

आणखी एक चमत्कारिक अनुभव येतो. हात पूर्ण बधिर झाला की तो कुठे आहे याची खबरही मेंदूला मिळत नाही. काहींना हात छातीवर दुमडलेला किंवा वर हवेत धरलेला वाटतो आणि प्रत्यक्षात तो टेबलावर सरळ पडलेला असतो. नर्सने अंगाला औषध लावायला हात उचलला की पेशंट दचकून बघतो, हा हात कुणाचा? यात काळजीचं काही नाही, पण आधी कुणी सांगितलं नसेल तर माणूस खरोखर हादरतो.

थोडा इतिहास

या सगळ्याची सुरुवात कोकेनपासून झाली. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने डोळ्यात कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो हे दाखवलं. त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम हॅलस्टेड या सर्जनने ते थेट नर्व्हच्या शेजारी टोचून पाहिलं. आजचा नर्व्ह ब्लॉक तिथून निघाला. प्रयोग स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर चालले होते आणि हॅलस्टेडला कोकेनचं व्यसन लागलं.

१८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बीअर आणि त्याचा सहकारी ऑगस्ट हिल्डेब्रांट यांनी मणक्यातली भूल एकमेकांवर करून पाहायचं ठरवलं. बीअरच्या वेळी सिरिंज सुईवर नीट बसेना, त्यामुळे औषध बाहेर सांडलं आणि मणक्यातलं पाणीही बरंच गळलं. मग हिल्डेब्रांटची पाळी. पाय बधिर झाल्यावर बीअरने त्याला चिमटे घेतले, सुया टोचल्या, पेटती सिगार टेकवली आणि नडगीवर लोखंडी हातोडीही मारली. त्या वेळी काही दुखलं नाही. नंतर जे दुखायचं ते दुखलंच. बीअरला मात्र त्या गळलेल्या पाण्यापायी कित्येक दिवस डोकेदुखी झाली. आज कुठल्याही नीतिसमितीने दोघांना घरी बसवलं असतं.

स्वीडनमध्ये १९४३ साली लिग्नोकेन तयार झालं. पुढे दीर्घकाळ टिकणारं बुपिव्हाकेन आलं, नंतर हृदयाला त्यापेक्षा सौम्य असं रोपिव्हाकेन. औषधं सुधारली तरी एक अडचण बरीच वर्षं तशीच होती: त्वचेखालची नर्व्ह दिसत नाही, मग सुई न्यायची कुठे?

नर्व्ह सापडते कशी

पूर्वी शरीरावरच्या खुणा बघून अंदाजाने सुई घालत. पेशंटला करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या की समजायचं, नर्व्ह सापडली. म्हणजे सुई नर्व्हला लागेपर्यंत वाट बघायची! मग नर्व्ह स्टिम्युलेटर आला: सुईतून अगदी क्षीण वीज सोडायची, सुई नर्व्हजवळ पोचली की स्नायू टकटक हलायला लागतो. १९९० च्या दशकात व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघून ब्लॉक द्यायला सुरुवात केली आणि गेल्या वीसेक वर्षांत ती पद्धत जगभर रुळली.

आता भूलतज्ज्ञ एका हातात सोनोग्राफीचा प्रोब धरतात, दुसऱ्यात सुई. पडद्यावर मोठी नर्व्ह आडव्या छेदात मधाच्या पोळ्यासारखी दिसते, पांढऱ्या जाळीत काळे ठिपके. हाताच्या नर्व्हची मानेतली मुळं मात्र एकाखाली एक अशी काळी गोल वर्तुळं दिसतात. शेजारी धमनी ठकठक उडत असते. सुई चकाकत्या रेघेसारखी पुढे सरकते, आणि औषध सोडलं की काळा पट्टा नर्व्हच्या भोवती पसरताना दिसतो. औषध नर्व्हच्या आत टोचायचं नसतं, भोवती सोडायचं असतं. हे आता डोळ्यांनी बघता येतं. त्यामुळे औषधही कमी लागतं. जिथे पूर्वी ३० ते ४० मिलिलिटर सोडत तिथे आता बऱ्याचदा १५-२० किंवा त्याहून कमी मिलिलिटरमध्ये भागतं.

कुठे अडवायचं

हाताच्या सगळ्या नर्व्ह मानेतून निघणाऱ्या पाच मुळांपासून तयार होतात. ही मुळं मानेच्या दोन स्नायूंच्या फटीतून बाहेर पडतात, कॉलर बोनखालून जाताना एकत्र येतात, पुन्हा विभागतात आणि काखेतून हातात उतरतात. या प्रवासात चार-पाच ठिकाणी त्यांना गाठता येतं.

खांद्यासाठी सगळ्यात वरचं ठिकाण, म्हणजे मानेतली ती फट. खांद्याच्या नर्व्ह त्याच्या खाली लगेच फुटून जात असल्याने काखेत सुई टोचून खांदा बधिर होत नाही. पण मानेत फार गर्दी आहे. श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू) हलवणारी फ्रेनिक नर्व्ह तिथूनच, समोरच्या स्नायूच्या अंगावरून खाली जाते. नेहमीच्या मात्रेत मानेतला ब्लॉक दिला की त्या बाजूचं श्वासपटल बहुतेकांत काही तास सुस्तावतं. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही, फार तर श्वास पुरा भरत नाही असं वाटतं. जुनाट दमा, फुप्फुसाचा मोठा आजार किंवा दुसऱ्या बाजूचं श्वासपटल आधीच अधू असेल तर मात्र हे परवडत नाही. तिथे औषधाची मात्रा घटवतात किंवा जागा बदलतात: खांद्याच्या मागे आणि बाजूला उतरणाऱ्या दोन नर्व्ह वेगवेगळ्या गाठतात. दुखणं थोडं कमी झाकलं जातं, श्वास वाचतो. दोन्ही खांद्यांना एकाच वेळी मानेतला ब्लॉक देत नाहीत, तेही याच कारणाने.

त्याच गर्दीमुळे आणखी दोन गोष्टी घडू शकतात. आवाज घोगरा होतो, आणि त्या बाजूची पापणी किंचित उतरते, डोळा लालसर दिसतो, बाहुली बारीक होते. आरशात बघून, "मला लकवा झाला का?" असं घाबरून विचारणारे पेशंट असतात. ब्लॉक उतरला की डोळाही पूर्ववत होतो.

कोपर, मनगट, पंजा यांच्यासाठी कॉलर बोनच्या वर किंवा खाली, नाहीतर काखेत. कॉलर बोनच्या वर सगळे तंतू अगदी जवळ एकवटलेले असतात, त्यामुळे ब्लॉक झटकन आणि दाट लागतो. पण तिथून फुप्फुसाचं टोक हाकेच्या अंतरावर. सोनोग्राफीच्या आधी फुप्फुसाला सुई लागून छातीत हवा भरण्याची धास्ती तिथे मोठी होती. आता ती खूप कमी झाली असली तरी शून्य नाही. काखेत तो धोका नाही. तिथे तीन नर्व्ह धमनीला चिकटून असतात आणि चौथी फटकून शेजारच्या स्नायूत घुसलेली असते. जुन्या पद्धतीत ही चौथी हमखास निसटायची, आणि कोपराखालची, अंगठ्याच्या बाजूची कातडी जागी राहायची. आता ती पडद्यावर दिसते, म्हणून तिला वेगळी सुई जाते.

बोटाच्या स्नायुबंधाच्या ऑपरेशनात काही सर्जन यापेक्षाही खाली उतरतात. फक्त कापायच्या जागेभोवती लिग्नोकेन आणि ॲड्रिनॅलिन टोचतात, दंडाला रक्त थांबवणारा पट्टाही बांधत नाहीत. बोटाची ताकद शाबूत असल्याने तुटलेला स्नायुबंध शिवून झाल्यावर सर्जन पेशंटला म्हणतात, "बोट वाकवा बघू." टाका अडतोय का, सैल आहे का, ते तिथेच समजतं. पूर्ण भुलीत हे शक्य नाही.

खुब्याची गोष्ट निराळी. खुब्याच्या सांध्याला अनेक नर्व्हच्या फांद्या येतात, त्यामुळे नुसत्या ब्लॉकवर खुब्याचं ऑपरेशन सहसा होत नाही. तिथे ब्लॉकचं काम आधी सुरू होतं. पडून खुबा मोडलेल्या वृद्ध माणसाला एक्सरेसाठी सरकवलं, चादर बदलली, बेडपॅन दिलं, दर वेळी कळ निघते. मॉर्फिन दिलं तर गुंगी, आणि या वयात भ्रम होण्याची भीती. अशा वेळी कॅज्युअल्टीतच जांघेजवळ स्नायूवरच्या पातळ पडद्याखाली ३०-४० मिलिलिटर पातळ केलेलं औषध सोडतात. ते पसरून मांडीच्या मुख्य नर्व्ह बधिर होतात. पेशंट कुशीवर वळू शकतो, आणि पुढे कमरेतून भूल देताना बसूही शकतो. या ब्लॉकने खुबा मोडलेल्या वृद्धांमध्ये भ्रमाचं प्रमाण कमी होतं असं अभ्यासांत दिसून आलं आहे. एवढी साधी सुई एवढ्या कामाची असताना कित्येक पेशंट ऑपरेशनपर्यंत नुसते कण्हत पडून राहतात, हे मला अजिबात पटत नाही. २०१८ मध्ये याचा एक नवा भाऊबंद आला, ज्यात खुब्याच्या समोरच्या बाजूच्या फक्त सांध्याकडे जाणाऱ्या बारीक फांद्या अडवतात आणि मांडीची ताकद बरीचशी वाचते.

गुडघ्यात ताकद आणि दुखणं यांची ओढाताण सगळ्यात स्पष्ट दिसते. पूर्वी जांघेत फेमोरल नर्व्ह अडवत. गुडघा छान बधिर व्हायचा, पण पाय सरळ धरणारा मांडीचा मोठा स्नायूही झोपायचा. पेशंट उत्साहाने बाथरूमला निघायचा आणि पाय गपकन दुमडून पडायचा. मग जागा एक वीतभर खाली सरकवली. मांडीच्या मध्यावर, आतल्या बाजूला एक बोगदा आहे, तिथपर्यंत येताना बहुतेक ताकदीच्या फांद्या आधीच फुटून गेलेल्या असतात आणि उरतात त्या मुख्यतः संवेदनेच्या. तिथे औषध सोडलं की गुडघ्याची पुढची बाजू गप्प आणि पाय बऱ्यापैकी उभा राहतो. मागची बाजू मात्र दुखत राहते, म्हणून गुडघ्याच्या मागे वेगळी सुई किंवा सर्जन स्वतः टाके घालण्याआधी सांध्याभोवती औषध टोचतात. तरी ब्लॉक असताना एकट्याने उठायचं नाही हा नियम पाळायचाच, कारण थोडा अशक्तपणा कुणालाही येऊ शकतो.

घोटा आणि पावलासाठी गुडघ्यामागे सायटिक नर्व्ह, शिवाय घोट्याच्या आतल्या बाजूसाठी एक वेगळी सुई. नुसती बोटं असतील तर घोट्याभोवती पाच नर्व्ह अडवल्या की झालं.

ब्लॉक उतरतो तेव्हा

लिग्नोकेनचा ब्लॉक दहा-वीस मिनिटांत लागतो आणि दोन-तीन तासांत उतरतो. बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन लागायला वीस-तीस मिनिटं घेतात आणि आठ तासांपासून पुढे, कधीकधी दिवसभरही टिकतात. डेक्सामेथासोनसारखं औषध जोडीला दिलं तर मुक्काम काही तासांनी वाढतो. त्याहून जास्त हवं असेल तर नर्व्हच्या शेजारी केसासारखी बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस थेंबथेंब औषध देतात.

आता हिशेब करा. दुपारी एकला ब्लॉक, बारा तासांनी रात्रीचा एक. दिवसभर हात दुखत नाही म्हणून पेशंट खुशीत असतो, लिहून दिलेल्या गोळ्या टेबलावर तशाच. "काही दुखतच नाही, उगाच गोळी कशाला?" आणि मध्यरात्री सगळं दुखणं एकदम अंगावर येतं. मग घेतलेली गोळी चढायला तास जातो. ब्लॉक उतरताना काहींना मूळ दुखण्यापेक्षाही जोराची कळ येते. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर हे विशेष दिसतं. यावर इलाज साधा आहे: दुखत नसतानाही गोळ्या वेळेवर सुरू करायच्या, आणि बोटं जराशी हलायला लागली, मुंग्या आल्या की समजायचं, ब्लॉक निघाला, पुढचा डोस लांबवायचा नाही. ब्लॉकबद्दल पेशंटना सांगण्यासारखी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि नेमकी हीच घाईत सांगायची राहून जाते.

बधिर अवयव स्वतःची राखण करू शकत नाही. हात झोळीतच हवा, नाहीतर तो खाटेखाली लोंबकळेल आणि कळणारही नाही. गरम पाण्याची पिशवी, चहाचा कप, दारात सापडलेलं बोट, यातलं काहीच जाणवत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाच्या टोकावरून एक नर्व्ह अगदी कातडीखालून जाते. बधिर पाय तिथे तासन्‌तास दाबला गेला तर पाऊल लुळं पडू शकतं. म्हणून पायाखाली उशी, तीही नीट बघून.

धोके

सगळ्यांना भीती असते नर्व्ह कायमची जाण्याची. ब्लॉकनंतर काही दिवस किंवा आठवडे एखादा भाग बधिर राहणं, मुंग्या येणं हे अगदी दुर्मीळ नाही, आणि ते बहुतेकांत आपोआप जातं. कायमची इजा होण्याचं प्रमाण साधारण २,००० ते ५,००० ब्लॉकमागे एक असं धरलं जातं. शिवाय दोष दर वेळी सुईचाच असतो असं नाही. मूळ फ्रॅक्चर, सर्जनची ओढाताण, पट्ट्याचा दाब, सूज यांनीही नर्व्ह दुखावते. मधुमेहामुळे पायांत आधीच मुंग्या येत असतील तर ते ब्लॉकच्या आधी सांगून, लिहून ठेवलेलं बरं. अशा नर्व्ह जास्त नाजूक असतात.

जास्त गंभीर पण विरळा धोका म्हणजे औषध रक्तात शिरणं. ओठांभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात गुणगुण ही पहिली लक्षणं. पुढे झटके आणि हृदयाची लय बिघडणं. म्हणूनच भूलतज्ज्ञ औषध एकदम ढकलत नाहीत. थोडं सोडतात, सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना बघतात, तुमच्याशी बोलत राहतात. मात्रा वजनावर ठरते. बुपिव्हाकेनची मर्यादा किलोमागे साधारण २ मिलिग्रॅम धरली तर ५० किलोच्या माणसाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ टक्क्याचं २० मिलिलिटर. त्यामुळे सडपातळ माणसाला दोन-तीन ब्लॉक लागणार असतील तर औषध पातळ करावं लागतं. १९९८ मध्ये अमेरिकेतले भूलतज्ज्ञ गाय वाइनबर्ग यांनी उंदरांवर दाखवलं की नसेतून पोषणासाठी दिलं जाणारं पांढरं स्निग्ध द्रावण या विषबाधेवर चालतं. २००६ मध्ये त्याने पहिला माणूस वाचल्याची नोंद झाली, आणि आता जिथे ब्लॉक देतात तिथे ते द्रावण हाताशी ठेवावं असं सांगितलं जातं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खोलवरचा ब्लॉक टाळतात किंवा गोळी आधी थांबवतात. कातडीजवळचे काही ब्लॉक तरीही देता येतात. टोचायच्या जागी जंतुसंसर्ग असेल तर तिथे सुई नाही. आणि पेशंट नाही म्हणाला तर नाही. जागं राहून आवाज ऐकायचे नसतील तर झोपेचं सौम्य औषध मिळतं, ते मागायला लाजू नये. पोट मात्र रिकामंच हवं, कारण ब्लॉक अर्धवट लागला तर पूर्ण भूल द्यावी लागते.

एका मुद्द्यावर खुद्द हाडांच्या डॉक्टरांत मतभेद आहेत. नडगीचं किंवा कोपराखालचं हाड जोरात मोडलं की आतल्या स्नायूंना सूज येते, आणि ते घट्ट आवरणात बंदिस्त असल्याने आतला दाब वाढून रक्तपुरवठाच तुटू शकतो. काही तासांत आवरण कापून दाब मोकळा केला नाही तर स्नायू मरतात. याची पहिली खूण म्हणजे मापाबाहेर दुखणं, बोटं ताणली की जीव जाणं. ब्लॉकने तीच खूण झाकली गेली तर? म्हणून अशा फ्रॅक्चरमध्ये काही सर्जन ब्लॉकला साफ नकार देतात. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पातळ औषधाचा ब्लॉक असूनही हे दुखणं फोडून वर येतं, पेशंटवर नीट लक्ष ठेवा म्हणजे झालं. मला यात सर्जनची सावधगिरी रास्त वाटते, निदान जिथे रात्री दर तासाला पाय तपासायला माणूस नाही तिथे तरी. भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांनी हे आधीच आपसात बोलून घेतलेलं असावं, आणि तसं ते बोललेत का, हे विचारायला पेशंटला काही हरकत नाही.

घरी आल्यावर कळवायच्या गोष्टी मोजक्या आहेत. प्लास्टरच्या आत दुखणं वाढत चाललंय आणि गोळीला दाद देत नाही, बोटं निळसर किंवा पांढरी गार पडलीत, धाप लागतेय, टोचलेल्या जागी सूज किंवा पू आहे, तर सकाळची वाट बघायची नाही. एका सुईचा ब्लॉक ४८ तासांनंतरही उतरला नसेल, हात अजून उचलत नसेल, तर भूलतज्ज्ञांना फोन करायचा. कुठला भाग बधिर आहे आणि कुठलं बोट हलत नाही हे नेमकं सांगता आलं तर कुठल्या नर्व्हचा प्रश्न आहे ते त्यांना फोनवरच बरंचसं कळतं.